नाही म्हणायचं ते कुणाच्या दारात

त्या सभेत काय विचारलं गेलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. विचारलं कुणी, हा घोळ मात्र माझ्या डोक्यात अजून सुटलेला नाही.

मी प्राथमिक शिक्षिका. सासर तळोद्याजवळच्या गावात, केळी-पपईच्या पट्ट्यात, आणि शाळा धडगावच्याही पुढे, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. आठवडाभर धडगावात भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी जीपने चांदसैली घाट उतरून घरी यायचं, असं कित्येक वर्षं चाललं होतं. घाटात पोटात ढवळायचं म्हणून पिशवीत कायम आमचुराची, म्हणजे वाळवलेल्या कैरीची, फोड असायची. मुलगी लहान होती तेव्हा सोमवारी सकाळी माझा पदर सोडायची नाही, आणि मी तिचे हात सोडवून जीप पकडायची. त्यामुळे खाली बदली मिळावी असं मला मनापासून वाटायचं, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी म्हणायला नको, की बाई फार मोठ्या मनाच्या होत्या.

शाळा म्हणजे एक खोली, एक ओटा आणि खिचडीची चूल. दोन सतरंज्यांवर मावतील एवढी मुलं, त्यांत चार इयत्ता आणि शिकवायला मी एकटी. पहिलीला गिरवायला बसवावं तर चौथीचा भागाकार उलटा चाललेला. चौथीकडे वळावं तर पहिलीतला एखादा गडी उठून शेळीमागे पळालेला. त्यात माझ्या मीटिंगा, माझी प्रशिक्षणं, ती ऑनलाइन माहिती. रेंज मिळावी म्हणून मी टेकडीवरच्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली जाऊन बसायची, आणि तेवढा वेळ शाळा म्हणजे नुसती खिचडी. हे चांगलं शिक्षण होतं असं मी कुणाला सांगणार नाही. माझी स्वतःची मुलगी मी तळोद्यात इंग्रजी शाळेत घातली होती.

तिसरीत एक मुलगी होती, आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशीची नात. तिचे आईबाप दिवाळी झाली की उसतोडीला गुजरातेत जायचे ते होळीलाच परत. घरी मावशी, ही मुलगी आणि तिचा रांगता भाऊ. मावशीचे हात चुलीत आणि सरपणात, म्हणून पोराला सांभाळायचं काम नातीचं. ती त्याला कमरेवर घेऊनच शाळेत आली, तेव्हा मी ओरडले, ‘ही काय बालवाडी आहे का?’ अंगणवाडी होती नाल्यापलीकडच्या पाड्यावर, म्हणजे असून नसल्यासारखी. मग ती यायचीच बंद झाली. थोडे दिवस मी ताणून धरलं, मग मीच नरमले. खिडकीच्या गजाला दोरी बांधली, मावशीचं जुनं लुगडं त्यात अडकवलं आणि झोळी केली. पोरगी तिच्या शेजारी बसायची, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात आणि पाटी मांडीवर. झोका देत देत ती पाढे म्हणायची. वर्गात वाचायला सगळ्यात पुढे तीच. सिमेंटच्या गोणीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, जीपच्या काचेवरचं, दिसेल ते वाचायची.

त्याच सुमाराला सगळ्या राज्यात एकच वाद पेटला होता. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या, चार-पाच गावांची मिळून एक मोठी शाळा करायची आणि मुलांना गाडीने तिथे न्यायचं. घरी टीव्ही लावला की सहा चौकटींत सहा माणसं एकमेकांवर ओरडत असायची. आमच्या घरात सातवा माझा दीर. तो हायस्कूलमधून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, ‘अगं वहिनी, मूठभर पोरांना एक मास्तर, एक खोली, आणि शिकतात काय? मोठ्या शाळेत विषयाला मास्तर मिळेल, खेळायला मैदान मिळेल. यात वाईट काय?’ मला वाटायचं, खरंच, वाईट काय? मग शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहायचं, की शाळा लांब गेली की पहिल्यांदा मुलींचं नाव कमी होतं. मला वाटायचं, हेही खरंच. नवऱ्याला वादाशी देणंघेणं नव्हतं. तो आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाला, ‘शाया बंद व्हयनी ते बरंच शे. आते तरी घर ऱ्हाशी.’ मी आता घरी राहणार म्हणून सासूबाईंनीही मान डोलावली. मी भांडी आपटत स्वयंपाकघरात गेले. राग नक्की कुणाचा आला होता ते काही मला सांगता यायचं नाही.

मग वरून आदेश आला, की गावकऱ्यांचं मत घ्या. जानेवारीत आमच्या पाड्यावर सभा ठरली. नंदुरबारहून शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते. साहेबांना पाड्याची पावरी बोली येत नव्हती आणि पाड्यावर शाळेचं मराठी फक्त मुलांना कळायचं, तेही माझ्या तोंडचं. म्हणून दुभाषी मी.

साहेब आले ते उशिरा, घाटात गाडी तापली म्हणून. पाड्याच्या कारभाऱ्याने, म्हणजे तिथल्या वडीलधाऱ्या म्हाताऱ्याने, सकाळीच कोंबडी कापून ठेवली होती. साहेब म्हणाले, आधी सभा उरकू. म्हातारा म्हणाला, पाहुणा उपाशी बसून बोलतो का? झालं, आधी जेवणं झाली. साहेब खाटेवर बसून मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि कोंबडी मनापासून जेवले. रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. माणूस वाईट नव्हता. मुलांच्या पाट्या पाहिल्या, झोळीतल्या पोराला गुदगुल्या केल्या.

मग ते उभे राहिले आणि त्यांनी व्यवस्थित समजावून सांगितलं. मोठी शाळा, जास्त मास्तर, जायला-यायला गाडी, खर्च सरकारचा. मी एकेक वाक्य पावरीत सांगत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, ‘ही शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत पाठवायला तुम्ही तयार आहात का?’ मी विचारलं. कारभारी म्हणाला, ‘हां.’ त्याच्या मागे सगळे ‘हां’ म्हणाले. साहेबच चक्रावले. दुसऱ्या गावांत त्यांच्यावर दगडफेक नसली तरी त्यांच्याशी बाचाबाची झाली होती. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘कुणाचा विरोध असेल तर मोकळेपणाने सांगा, मी रागावणार नाही.’ मी तेही सांगितलं. पुन्हा ‘हां, चालेल.’ मावशी चुलीपाशी बसून भांडी घासत होती. मी तिच्याकडे बघितलं, तर तीही ‘हां’.

मला काही समजेना. या बाईच्या नातीची शाळा तुटणार, हे तिला कळत नाही की काय? की आईबाप होळीला येऊन बघतील म्हणते? की त्यांना खरंच मोठी शाळा हवीय आणि मीच उगाच जीव काढतेय? माझ्या मुलीला चांगली शाळा चालते, मग त्यांच्या मुलीला का नको? साहेबांची गाडी उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मावशीने तांदूळ निवडता निवडता विचारलं, ‘बाई, साहेबाचं घर कुठे आहे?’

‘कशाला?’

‘त्याने विचारलं त्याचा जाब द्यायला जायचं ना. होळीला सगळे आले की बसू, ठरवू, मग जाऊ.’

‘जाब तर तुम्ही कालच दिलात. सगळे हां म्हणालात.’

मावशी हसायला लागली. हसता हसता तिच्या हातातलं सूप हललं आणि निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत गेले. ‘तो काय जाब झाला? पाहुणा आपल्या घरी जेवलेला. त्याला तोंडावर नाही म्हणतात का? तुमच्यात म्हणतात?’

मग तिने मला समजावलं, जसं मी पहिलीला समजावते तसं. मुलीला मागणी घालायला लोक येतात. येतात, जेवतात, विचारतात. आपण हां म्हणतो. ते हां म्हणजे तुमचं बोलणं ऐकलं, एवढंच. मुलगी द्यायची नसेल तर मग आपण त्यांच्या दारी जायचं, त्यांच्याकडे जेवायचं आणि तिथे नाही सांगायचं. म्हणजे आलेला माणूस आपल्या दारातून मान खाली घालून उतरत नाही. नाही सांगायला आपण चढ चढून जायचं असतं. तेवढे कष्ट नको का घ्यायला?

लग्नाच्या बैठकी मी पाहिल्या होत्या. पाड्यावरचं एखादं जुळलेलं लग्न नंतर का फिसकटतं, हे कोडं मला इतकी वर्षं पडायचं, ते त्या दिवशी उलगडलं. पण सरकारची सभा त्या हिशेबात बसते हे कुणाच्या ध्यानात येणार? माझं डोकंच फिरलं. ‘अगं बाई, तिकडे साहेबांनी लिहून नेलं, की गाव तयार आहे. सरकारात दुसरी बैठक नसते.’

‘असं कसं?’ मावशी म्हणाली. ‘एवढा मोठा माणूस, विचारून निघून जाईल आणि जाब ऐकणार नाही?’

मी टेकडीवर गेले आणि महूच्या झाडाखालून केंद्रप्रमुखांना फोन लावला. ते आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे, तसे ओळखीचे. म्हटलं, ‘सर, पाड्याचा होकार पक्का नाही. त्यांची पद्धत वेगळी आहे.’ मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, ‘मॅडम, भाषांतर तुम्हीच केलंत. सभेत विरोध नव्हता आणि तुमची शाळा जाणार म्हटल्यावर विरोध उगवला? मी वर काय तोंडाने सांगू?’ मी म्हटलं, ‘मला तर शाळा गेली तर बरंच आहे, मी घरी जाईन.’ ते म्हणाले, ‘मग प्रश्न काय आहे?’ खरंच, प्रश्न काय होता?

होळीला पाडा भरला. उसतोडीवरून, सुरतेकडून माणसं परतली. काठी गावची मोठी होळी झाली, मग आमच्या पाड्याची झाली, आणि मग कारभाऱ्याच्या अंगणात बैठक बसली. मला त्या बैठकीत बोलावणं नव्हतं, पण मावशीने सगळं सांगितलं. टीव्हीवरच्या सहा चौकटींपेक्षा ती बैठक बरी झाली म्हणायची. एक तरुण बाप मोठ्या शाळेच्या बाजूने बोलला, की तिथे कॉम्प्युटर आहे, आपण काय जन्मभर ऊसच तोडायचा का? त्याचं सगळ्यांनी ऐकून घेतलं. पण पाड्यातल्या बहुतेक घरांत एखादं तरी कमरेवरचं पोर होतं, आणि ते सांभाळणारं शाळेच्या वयाचं. मोठी पोरं गाडीत बसून गेली तर धाकट्यांना बघायचं कुणी? आणि धाकट्यांपायी मोठी घरी राहिली, तर मोठी शाळा कुणासाठी? शेवटी तो तरुण बापही गप्प झाला. त्याच्या घरी तर जुळी होती. ठरलं, की नाही सांगायचं.

एप्रिलच्या उन्हात ते नंदुरबारला निघाले आणि साहेबाचं दार दाखवायला मला बरोबर घेतलं. कारभारी, मावशी, तिचा मुलगा आणि आणखी दोघं. मावशीने फडक्यात भाकरी बांधल्या होत्या आणि आमचुराची एक पिशवी साहेबाच्या बायकोसाठी घेतली होती. मी सांगून थकले, की आपण त्यांच्या घरी नाही, ऑफिसात चाललोय. कारभारी म्हणाला, ‘तिथे जेवण नाही देत?’

ऑफिसात गेल्यावर कळलं, साहेबांची बदली झाली. कुठे, तर पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. त्यांच्या खुर्चीवर दुसरे साहेब होते, वयाने लहान आणि तोंडाने गोड. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, पंखा वाढवला, पाणी मागवलं. म्हणाले, ‘बोला बाबा, काय म्हणणं आहे?’

कारभारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून पावरीत म्हणाला, ‘हा तो नाही.’

‘त्याच्या जागी हाच आहे. याला सांग.’

‘याने विचारलं नाही. हा आपल्याकडे जेवला नाही. याला नाही कसं म्हणू? याने काय वाईट केलंय?’

माझा पारा चढला. इतक्या लांब आलो, एवढं ऊन, समोर माणूस ऐकायला बसलाय. मी म्हटलं, ‘अरे बाबा, माणूस बदलला तरी खुर्ची तीच आहे. खुर्चीला सांग.’

‘खुर्ची जेवली होती का?’ म्हातारा म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

साहेब म्हणाले, ‘काय म्हणतायत?’ मी ततपप करत सांगितलं, की त्यांचा विरोध आहे. साहेबांनी विचारलं, ‘असं ते म्हणाले?’ मी म्हटलं, ‘म्हणाले नाहीत, पण आहे.’ साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग मला समजावलं, ‘मॅडम, ते स्वतः बोलले तर मी काहीतरी करू शकतो. तुमच्या सांगण्यावर कसं करू?’ आता त्यांचं तरी काय चुकलं?

आम्ही बाहेर येऊन लिंबाखाली बसलो आणि भाकरी खाल्ल्या. आमचुराची पिशवी मावशीने माझ्याच हातात दिली. न सांगितलेलं ‘नाही’ घेऊन पाचही माणसं पुन्हा घाट चढून गेली.

जूनमध्ये शाळा बंद झाली. पहिल्या दिवशी मुलांना गाडीत बसवून द्यायचं शेवटचं काम माझ्याकडे होतं, त्यानंतर मी नव्या शाळेत रुजू होणार होते, घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ. डांबरी रस्ता पाड्यापासून खाली, तिथे मुलं धुतलेल्या कपड्यांत रांगेने उभी होती. जीप आली. आईबाप पेरणीत गुंतलेले, म्हणून मावशीची नात भावाला कमरेवर घेऊन चढली आणि खिडकीजवळ बसली. ड्रायव्हर उतरून माझ्याकडे आला. ‘बाई, एवढ्या लहान पोराला नेता येणार नाही. काही झालं तर मला आत टाकतील.’

मी म्हटलं, ‘ती सांभाळते त्याला. माझ्या शाळेत सांभाळायचीच.’

‘तुमच्या शाळेत ठीक होतं,’ तो म्हणाला. तोही पाड्याखालच्या गावचाच होता, त्याच्या घरीही लहान पोरं असतील.

मी भांडले, अगदी आवाज चढवून भांडले. मग मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. ते हळहळले, पण नाहीच म्हणाले. पोरगी गाडीत बसून आमच्या तोंडाकडे बघत होती. कुणी उतर म्हणण्याआधी ती आपणच उतरली. जीप निघाली तशी काचेवर काय लिहिलंय ते तिने मोठ्याने वाचलं, सवयीने. ‘विद्यार्थी वाहतूक.’ मग ती भावाला घेऊन पायवाट चढायला लागली. मला रडू आलं. मी रस्त्यावर उभी राहून चक्क रडले, आणि दुपारी घाट उतरून घरी आले. घरी नवऱ्याने श्रीखंड आणलं होतं.

नवी शाळा चांगली आहे. वर्गाला एक शिक्षक आहे. दुपारी मी घरी जेवायला येऊ शकते. टीव्हीवरचा वाद संपला, म्हणजे मिटला नाही, तिथे आता दुसरा कुठला तरी लागलाय. सरकारी दवाखान्याचं कार्ड कुणाला मिळावं, कुणाच्या खात्यात पैसे यावेत, असलं काहीतरी. दीर अजून बोलतो. मी ऐकते आणि मला दोन्ही बाजू पटतात. माझं हे असं का होतं कोण जाणे.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी आमच्या दारात जीप थांबली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, ‘कोन उनं व?’ कोण आलंय बघायला मी बाहेर आले तर कारभारी, मावशी आणि मावशीची नात. पोरीच्या पाठीला दप्तर होतं आणि कमरेवर भाऊ. भाऊ आता चालण्याएवढा झाला होता, पण उतरायला तयार नव्हता.

का आले असतील ते मला जीपचं दार उघडतानाच समजलं होतं. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं. सासूबाईंचं तोंड वाकडं झालं होतं, पण कारभाऱ्याने त्यांना पावरीत इतक्या अदबीने रामराम घातला, की त्यांनी स्वतःच लसूण सोलायला घेतला. शेवभाजी, पोळ्या आणि भात केला. ते सावकाश जेवले. म्हाताऱ्याने रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

हात धुऊन झाल्यावर तो माझ्यासमोर नीट मांडी घालून बसला. म्हणाला, ‘त्या दिवशी तू आम्हाला विचारलंस, की ही शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत पाठवायला तयार आहात का. आमचा जाब, नाही.’

‘बाबा, मी नव्हतं विचारलं. साहेबाने विचारलं.’

‘साहेब काय बोलला ते आम्हाला काय कळलं? आमच्या भाषेत तू विचारलंस. आणि तू आमच्याकडची भाकर खाल्लीस, एकदा नाही, किती वर्षं. साहेबाचं घर सापडलं नाही. तुझं सापडलं.’

नवरा दारात उभा होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं आणि तो माझ्याकडे बघत होता. मावशीने तोंड पुसलं आणि अगदी सहज विचारलं, जसं खिचडीत मीठ किती टाकू विचारायची तसं. ‘झालं मग. नाही सांगून झालं. आता तू शाळा परत उघडशील ना?’

काय सांगणार होते मी? की कुलूप माझं नाही? की ज्याचं आहे त्याची बदली होते? की सरकारात ‘नाही’ पोचवायला कुठलं दारच नसतं? हे सगळं खरं होतं आणि ओठांवर आलंही होतं. पण ते माझ्या दारी आले होते. घाट उतरून आले होते, माझ्या हातचं जेवले होते. माझ्या ओट्यावर बसलेल्या माणसाला मी तोंडावर नाही कसं म्हणणार?

‘हां,’ मी म्हणाले.

कारभाऱ्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं. त्याला सगळं समजलं. त्याने मान हलवली आणि उठला. ‘बरं,’ तो म्हणाला, ‘मग तू ये. आम्ही वाट बघू.’ मावशीनेही खालमानेने फडकं झटकलं. त्या दोघांना माझं हां म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. नाही सांगायला आता घाट मला चढायचा होता.

पोरीला मात्र त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती अजून लहान आहे, लग्नाच्या बैठकीत बसलेली नाही. तिने हां ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. जीपमध्ये चढता चढता ती भावाला दुसऱ्या कमरेवर घेत मला म्हणाली, ‘बाई, खिडकीची दोरी मी सोडली नाही. तशीच बांधून ठेवलीय.’

दर शनिवारी मी ठरवते, की उद्या जायचं. अजून गेले नाही.